डाळिंबावरच्या गाठी

डाळिंब सोलताना सालीचा तुरट वास आला की मला सोलापुरातली आमची गिरणीची चाळ आठवते. आईने रॉकेलच्या डब्यात डाळिंब लावून भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवलं होतं. वडील मागावर कामाला. लिहिता येत नसे, म्हणून सावकाराचा हप्ता दिला की ते मागावर तुटलेलं सूत जोडतात तशी गाठ मारून झाडाला सुताचा तुकडा बांधत. शेजारणींना वाटलं नवसाचं झाड आहे, त्याही गुपचूप दोरे बांधू लागल्या. एका दुपारी सावकार दारात येऊन म्हणाला, "चोवीसातले दोन हप्ते राहिलेत की." झाडावर तर चाळीसएक दोरे. वडील आता मोजणार कसे, हे बघायला मी डब्याशीच बसलो. त्यांनी डोळे मिटून एकेक गाठ चाचपली. "ही माझी, मागावरची. ही न्हाय. ही कुणीतरी पोरासाठी बांधलेली दिसती, लई घट्ट हाय." चोवीस भरल्या. सावकाराने वही पुन्हा चाळली, तेव्हा मागच्या पानावर दोन हप्ते सापडले. "सुटलास," तो म्हणाला. आईने झाडावरचं एकुलतं डाळिंब फोडून त्यालाही दाणे दिले. पुढे मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, त्याचा मला अभिमान आहे. वडिलांची ती मागावरची गाठ मात्र मला अजून मारता येत नाही.