राजाच्या पार्टासाठी राज्यसभेची रीत

आमच्या मास्तरांना दोन गोष्टींचं वेड आहे, एक नागरिकशास्त्र आणि दुसरं नाटक. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. पेडण्याकडच्या एका शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवतात, आणि गावच्या जात्रेला देवळासमोर जे नाटक होतं, त्यात पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग करतात. तीस वर्षं तेच. नटाचं वाक्य त्यांनी कधी खाली पडू दिलं नाही, पण स्वतः उजेडात कधी आले नाहीत.

मी सावंतवाडीकडची. माझं तोंड फटकळ आहे हे माहेरी सांगायचे, आणि इथे तर येताजाता सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बरं झालं, ह्याला बोलणारीच हवी होती, हा स्वतःसाठी म्हणून कुणाकडे काही मागायचा नाही. खरं होतं ते. हॉटेलात एक बशी भजी मागवली तर शेवटचं भजं समोरच्याकडे सरकवणारा माणूस. संसार करताना असल्या माणसाचा किती संताप येतो ते मला विचारा.

त्या वर्षी गोव्याची राज्यसभेची जागा भरायची होती. आपल्या गोव्याला जागा एकच, आणि तिची पाळी येते सहा वर्षांतून एकदा. मास्तरांना ही दिवाळीच. संध्याकाळी तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसायचं आणि येईल त्याला समजावून सांगायचं. ही निवडणूक तुमची-आमची नव्हे. आपण निवडून दिलेले चाळीस आमदार पर्वरीला विधानसभेत जाऊन मत देणार. तिथे बटण नाही आणि फुलीही नाही. निवडणूक अधिकारी देईल त्याच जांभळ्या शाईच्या पेनाने नावांसमोर आकडे घालायचे. जो सगळ्यांत जास्त पसंत त्याला एक, त्याच्या खालोखालच्याला दोन, मग तीन. पक्षाच्या आमदाराने आपला कागद पक्षाच्या माणसाला दाखवायचा, अपक्षाने मात्र कुणालाही दाखवायचा नाही, दाखवला तर मत बाद. अर्ध्याहून जास्त कागदांवर ज्याला एक आकडा मिळाला तो जिंकला. कुणालाच मिळाले नाहीत, तर सगळ्यांत मागे पडलेला बाहेर, आणि त्याचे कागद दोन आकडा बघून उरलेल्यांत वाटायचे.

एकदा सायकलवरून पाव घालणाऱ्या पदेराने विचारलं, मग त्यात आम्ही काय करायचं? मास्तर म्हणाले, आपण बघायचं. पदेर म्हणाला, ते तर आम्ही रोजच करतो.

आणि झालं काय, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी एकच उमेदवार उरला. बिनविरोध! मतदान नाही, मोजणी नाही, ते जांभळं पेनही कुणी उघडलं नाही. मास्तरांचा चेहरा असा पडला की बघवेना. मी म्हटलं, माणूस निवडून गेला ना दिल्लीला, मग तुम्ही का सुतकात बसलाय? तर म्हणाले, इतकी सुंदर पद्धत, आणि ती वापरायचीच नाही?

त्याच आठवड्यात देवळात जात्रेच्या नाटकाची बैठक झाली. आमच्या गावचे दोन वाडे, डोंगराकडचा वरचा आणि शेतांकडचा खालचा. आमचं घर वरच्यात. नाटकातला राजाचा पार्ट कायम वरच्या वाड्यातल्या ट्रकवाल्याचा. डिचोलीच्या खाणींवर एका ट्रकापासून सुरुवात करून मोठा झालेला गडी, आवाज असा की माईकची गरज नाही. पाठांतराच्या नावाने मात्र पूज्य. ह्या खेपेला खालच्या वाड्याने आपला माणूस पुढे केला. म्हापशाला बँकेत नोकरीला, दिसायला देखणा, वाचून-सवरून शहाणा. झालं, जुंपली. कुणी कुणाच्या आजोबाने कुठल्या नाटकात काय खराब केलं तिथपर्यंत गाडी गेली. यंदा नाटकच नको, असं जेव्हा दोन्ही बाजू म्हणायला लागल्या, तेव्हा नाटक समितीच्या अध्यक्षांनी हात जोडून मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांना तेवढंच हवं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, समितीत आपण एकवीस जण आहोत, राज्यसभेच्या रीतीने मत देऊ. आकडे घालायचे, गुपचूप घालायचे, निकाल सगळ्यांनी मानायचा. दोन्ही वाड्यांना ते पटलं, कारण आपणच जिंकणार अशी दोघांची खात्री होती. मग खालच्या वाड्यातला एकजण म्हणाला, उमेदवार दोनच तर आहेत, तीन आकडा घालायचा कुणाला?

आणि आमचे मास्तर म्हणाले, "मी उभो रवतंय."

मी बायकांच्या भजनी मंडळातर्फे समितीत आहे, तिथेच बसले होते. मला वाटलं माझे कान वाजले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पण मी त्यांच्याकडे बघत होते. शर्टाचं वरचं बटण ते लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. ह्या माणसाला राजाचा पार्ट हवा होता. गंमत म्हणून नव्हे. मनापासून हवा होता, आणि तीस वर्षांत मला एका शब्दाने बोलले नव्हते. मला असा राग आला!

पुढचे आठ दिवस मास्तर तरंगत होते. जो भेटेल तो म्हणे, मास्तर, तुमका माझां मत. ट्रकवाल्याची माणसं म्हणाली, बँकवाल्याची म्हणाली. चांगल्या माणसाला कोण नाही म्हणतो? ह्यांनी कुणाचा दाखला अडवला नाही, उलट दोन्ही वाड्यांतली निम्मी पोरं ह्यांच्या हाताखाली पास झालेली. घरी येऊन म्हणायचे, आज अमका म्हणाला, आज तमका म्हणाला. मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते, आणि एका संध्याकाळी माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं.

"मत देणार ते कळलं," मी म्हटलं. "पण कितवं?"

ते हसले आणि म्हणाले, असं विचारायचं नसतं. मला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी नळावर मी शेजारणीला विचारलं. ती घागर खाली ठेवून प्रेमाने म्हणाली, मास्तरांना दोन नंबर गो, एक नंबर आपल्या वाड्याच्या माणसाला घालायला नको? दुसरी म्हणाली, आमच्या घरातूनही दोन. खालच्या वाड्यात माझी एक मैत्रीण आहे, तिला फोन केला, तिथेही तेच. सगळ्या गावाला मास्तर हवे होते, पण दुसरे.

मी तशीच तणतणत घरी आले. म्हटलं, तुमच्या ह्या रीतीत ज्याला कुणी एक घालत नाही, तो पहिल्याच फेरीत बाहेर ना? मग त्या सगळ्या दोन आकड्यांचं काय लोणचं घालायचं? ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, बरोबर आहे, बाहेर पडलेल्याचे दोन कुणी मोजत नाही, या पद्धतीत तेवढा दोष आहे. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग ही रीत सांगितलीत कशाला, चिठ्ठी टाकायची होती, देवाला कौल लावायचा होता. तर म्हणाले, भांडण मिटायला हीच बरी. डोकं आपटावंसं वाटलं मला, त्यांचं की माझं ते ठरेना.

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात मतदान झालं. अध्यक्षांचं म्हापशाला दुकान, त्यांनी तिथल्या शुक्रवारच्या बाजारातून हौसेने जांभळं पेन आणलं होतं. एकेकाने कोपऱ्यातल्या मेजाकडे जाऊन कागदावर आकडे घालायचे आणि नैवेद्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. माझी पाळी आली. एक कुणाला, ह्याचा विचारच नव्हता. दोन कुणाला? वाड्याप्रमाणे ट्रकवाल्याला घालायला हवा होता. पण दर जात्रेला त्याची विसरलेली वाक्यं पडद्यामागून ओरडून आमच्या मास्तरांचा घसा बसायचा, आणि पुढे आठवडाभर आल्याचा काढा मी उकळत बसायची. मी दोन घातला बँकवाल्याला आणि पेन जोरात खाली ठेवलं.

मोजणी झाली. ट्रकवाल्याला दहा, बँकवाल्याला दहा, मास्तरांना एक.

एकच? माझा एक. मग ह्यांचा स्वतःचा कुठे गेला? मी वळून बघितलं, ते डब्याकडे बघत होते.

जिंकायला अकरा हवे होते. रीतीप्रमाणे मास्तर बाद झाले आणि त्यांचा तो एक कागद अध्यक्षांनी वर धरला. सगळे मान उंचावून बघत होते. दोन आकडा बँकवाल्यासमोर. बँकवाला राजा झाला, आणि खालच्या वाड्याने आरोळी ठोकली.

वरच्या वाड्याने मात्र हिशेब सुरू केला. आपण अकरा, मतं पडली दहा, म्हणजे फुटलं कोण? मास्तरच. स्वतःला एक घातला तो घातला, वर दोन खालच्या वाड्याला! ट्रकवाला लालबुंद झाला आणि मास्तरांना सगळ्यांसमोर घरभेदी म्हणाला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे वहिनीने पण मास्तरांना मत दिलं नाही, ट्रकवाल्यालाच दिलं! मग काय विचारता. दोन्ही वाडे एकत्र हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मास्तरांक घरचांय मत मिळाक नाय, म्हणून जो तो एकमेकाला टाळ्या देत होता.

मास्तर शांतपणे म्हणाले, "व्हय, तो कागद माझो."

सरळ खोटं. माणूस माझ्यासाठी शिव्या खात होता. तो कागद माझा आहे हे कळलं तर वाड्यातल्या बायका मला नळावर उभी करणार नाहीत, हे त्यांनी क्षणात ओळखलं होतं. पण त्यामुळे गाव काय म्हणणार? बायकोने नवऱ्याला मत दिलं नाही? नळ गेला खड्ड्यात.

मी उठले. "खोटां बोलतत ते. तो कागद माझो आसा," मी म्हटलं. "एक ह्यांका घातलंय आणि दोन त्याका. कोणाक काय म्हणूचां आसा तां माका म्हणा."

अध्यक्ष घाबरले. मत उघड केलं म्हणजे निकाल रद्द होतो काय, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, मोजणी संपली आहे, आता काही बदलत नाही. तोवर ट्रकवाला बोटं मोजायला लागला होता. वरच्या वाड्याचे अकरा. त्यातून मी गेले, उरले दहा. आणि दहाच्या दहा त्याला पडलेले. त्या दहांत मास्तरही आलेच. त्याची बोटं तिथेच थांबली. आत्ताच ज्याला घरभेदी म्हटलं, त्याने स्वतःला सोडून एक नंबर आपल्याला दिला, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, कारण हिशेबातही त्याचं पाठांतरासारखंच आहे.

तो मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. आवाज नेहमीचा नव्हता. "मास्तरांनू, तुमी माका एक घातलात? स्वतः उभे रवान?"

"तुझो आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचता," मास्तर म्हणाले. "माझो पोचणा नाय. तीस वर्सां ऐकतंय मी."

ट्रकवाल्याने गड्याला हाक मारून मंडपात सगळ्यांना चहा आणायला सांगितलं, खालच्या वाड्यालासुद्धा, आणि मास्तरांना स्वतःच्या हाताने कप दिला. बँकवाला पोरगा गुणी, तो येऊन मास्तरांच्या पाया पडला आणि तालमीला कधी बसायचं ते विचारून गेला. मला कुणी काही म्हणालं नाही. नळावर मात्र आठवडाभर माझ्याशी तिघी जणी बोलल्या नाहीत, आणि मीही बोलले नाही.

घरी येताना आम्ही शेताच्या बांधावरून चाललो होतो. मास्तर पुढे, मी मागे. माझा राग अजून उतरला नव्हता. वाड्याचा नव्हता तो, ह्यांचा होता. जिंकणार नाही हे ठाऊक, आवाज पोचत नाही हेही ठाऊक, आणि वर स्वतःचं मतसुद्धा दुसऱ्याला.

"मग उभे कशाला राहिलात?" मी विचारलं.

ते थांबले. पुढे बघतच म्हणाले, "आपल्याक कोण एक घालता काय, तेवढांच बघूचां होतां."