लेंटमधलं मौन

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाले की बंगळूरच्या आमच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत एकच चर्चा: यंदा कोण काय सोडणार. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. बेळ्ळंदूरच्या ऑफिसांतली तरुण पोरं इन्स्टाग्राम सोडतात आणि सोडल्याचं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना कळवतात. त्या वर्षी मी काहीच सोडणार नव्हते. माझा घसा बसला होता, एवढंच.

चामराजपेटच्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. वर्ग रस्त्याला लागून, त्यामुळे बसचे हॉर्न आणि डोक्यावरचा खडखडणारा पंखा या दोघांच्या वर आवाज काढावा लागतो. तरी मागच्या बाकावरून "मिस, जोरागि हेळि" येतंच, आणि मी आणखी जोरात सांगते. शेवटी डॉक्टरबाईंनी घशात कॅमेरा घालून स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. "रजा घ्या आणि अजिबात बोलू नका. नाहीतर गाणं विसरा," त्या म्हणाल्या.

गाणं विसरा म्हणे! उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचतात, आणि आमच्याकडे प्रत्येक उद्गारानंतर एकेका घरानं गीत म्हणायचं अशी पद्धत आहे. "मला तहान लागली आहे" या उद्गारानंतरचं गीत माझं. पेटी नाही, तबला नाही, एकटा आवाज. एरवी मी कुणाची मिस असते, कुणाची बायको असते. तेवढा वेळ मी नुसती गाणारी असते, आणि मला ते जिवापाड आवडतं.

रजा मिळालीही असती. पण ऐन उजळणीत विज्ञानाला दुसरं कोण येणार? विजेचा धडा पोरांच्या डोक्यावरून चालला होता. मग मी मधला मार्ग काढला: वर्गात बोलायचं, बाहेर तोंड उघडायचं नाही. घरी नवऱ्याशी खाणाखुणा, चर्चमध्ये नुसती मान हलवायची. प्रभूशीही मनातल्या मनात सौदा केला, की ही मुलं तुझीच आहेत, तेव्हा माझ्या आवाजाचं तू बघ.

मंडळीत मात्र भलतंच पसरलं. ताईंनी म्हणे लेंटमध्ये बोलणंच सोडलंय! पास्टरांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी जोरजोरात नकाराची मान हलवली, तर तो त्यांना विनय वाटला. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, की अहो, घसा बिघडलाय. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग आली आणि एकीनं लिहिलं, "सो हम्बल, ताई!" मी फोन उशीखाली सारला.

उत्तम शुक्रवार आला तोवर परीक्षा उरकली होती. जयनगरच्या भाड्याच्या हॉलमध्ये माझी पाळी आली आणि मी उभी राहिले. पहिली ओळ खालच्या सुरात निभावली. दुसरी ओळ वर चढते. तिथे आवाज फाटला, आणि मग नुसती हवाच येत राहिली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मी खाली बसले. पास्टरांनी पुढचा उद्गार वाचायला घेतला.

उपासना संपल्यावर पास्टर जवळ आले. वर्गात शिकवून शिकवून माझा आवाज गेल्याचं नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, मनानं चांगले. "ताई, मुलांसाठी केलेला तुमचा त्याग प्रभूनं स्वीकारला," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. उरल्यासुरल्या घोगऱ्या आवाजात मी म्हणाले, "पास्टर, मी काहीही वाहिलेलं नाही. मला मुलंही हवी होती आणि गाणंही. त्यानं गाणं काढून घेतलं, आणि मला त्याचा राग आलाय."

आजूबाजूचे लोक खुर्च्या आवरता आवरता थांबले. पास्टरही गडबडले. मग एक खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

"वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलाही तो दुःखाचा प्याला नकोच होता, ताई," ते हळूच म्हणाले. "नको म्हणून त्यानं देवबापाला सांगितलंही होतं. मी उगाच बोललो."

सगळ्यांचं प्रभूसाठी रडून झालं होतं. मी तिथेच, भर हॉलमध्ये, माझ्या गाण्यासाठी रडले.