फणसे सरांची चकोत्री

जुनी इंदूरमध्ये फणसे सरांच्या बैठकीत एक फोटो टांगलेला आहे. फोटोत एक मेलेला वाघ आहे, टोप्या घातलेले सात पाहुणे आहेत आणि उजव्या कडेला, चौकटीत जेमतेम मावलेला एक कोपर आहे. तो कोपर सरांच्या पणजोबांचा. पणजोबा महाराजांच्या शिकारखान्यात नोकरीला होते, एवढं खरं. तिथे ते नेमकं काय करायचे, याबाबत मात्र घराण्यात दर पिढीला त्यांची बढती होत गेली. डबे वाहणारे पणजोबा आजोबांच्या तोंडी हाकारे झाले, वडिलांच्या तोंडी नेमबाज झाले, आणि रघुवीर फणसे सर नववीला इतिहास शिकवायला लागल्यापासून तर वाघ पणजोबांना विचारल्याशिवाय मरेनासा झाला.

सरांच्या पत्नीने, पद्मजाताईंनी, ही गोष्ट सव्वीस वर्षं ऐकली होती. पाहुण्याची मान फोटोकडे वळली की त्या चहाचं आधण ठेवायला उठत. वाघ पडायचा आणि चहाला उकळी यायची, ते एकाच वेळी.

सरांना स्वतःला बंदुकीचं वेड नव्हतं. त्यांची शिकार नुसत्या डोळ्यांची. दर वर्षी होळी झाली की ओळीने तीन रविवार ते आणि त्यांचे बँकेतले मित्र भूषण पहाटे मानपूरच्या जंगलात जात, लाल चकोत्री बघायला. चकोत्री म्हणजे गावठी कोंबडीएवढा रानपक्षी. डोळ्याभोवती कुंकू फासल्यासारखी लाल कातडी, लाल पाय, नराच्या एकेका पायाला मागे दोन-दोन आऱ्या, म्हणजे कोंबड्याला असतात तसे टोकदार काटे, आणि स्वभाव इतका लाजरा की पान वाजलं तरी झाडीत पसार. वसंतात मात्र नराला कंठ फुटतो आणि तो उजाडताच जागा सांगून बसतो. वाट दाखवायला अशोक असे. तो मानपूरचाच, जंगलखात्यात चौकीदारी करून निवृत्त झालेला.

अकरा वसंत झाले, सरांनी चकोत्री ऐकली होती, पाहिली नव्हती. कारण उघड होतं. पक्षी जवळ आला की सरांना तो भूषणला समजावून सांगावासा वाटे. यंदा पहिल्याच रविवारी नर वीस पावलांवर खरखरत असताना सरांनी आऱ्यांचा उपयोग सांगायला घेतला. भूषण म्हणाले, "भिया, पुढच्या खेपेला तुला पोह्याच्या दुकानात बसवून जाईन. तिथे बोलत बस."

सर हसले, पण त्यांना ते लागलं. कुणाला बोलले नसले तरी त्यांच्या मनात एक होतं: फणसे घराण्यात एकदा तरी कुणीतरी काहीतरी खरोखर पाहिलेलं असावं. मग ती कोंबडीएवढी चकोत्री का असेना.

आणि दुसऱ्याच दिवशी, शाळेच्या बक्षीस समारंभात नावं पुकारता पुकारता त्यांचा आवाज फाटला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि पंधरा दिवस मौन सांगितलं, कुजबुजसुद्धा नाही. शिक्षकांच्या खोलीत फार हळहळ झाली, तरी दोघे-तिघे संध्याकाळी खजराना गणपतीला लाडू ठेवून आले म्हणतात. पद्मजाताईंनी सरांच्या गळ्यात दोरी बांधून पाटी अडकवली.

दुसऱ्या रविवारी कोरड्या नाल्याकाठी पानांचा आडोसा करून तिघे बसले. अशी शांतता त्या जागेने अकरा वर्षांत पाहिली नव्हती. आणि ती भूषणना सहन होईना. इतकी वर्षं सरांपुढे त्यांचा नंबरच लागला नव्हता. आधी त्यांनी गुडघ्याचं सांगितलं, मग बँकेच्या नव्या साहेबाचं, मग साहेबाच्या गुडघ्याचं. शेवटी अशोकने हात जोडले, "साब, आप तो मेरे साथ ऊपर चलो," आणि त्यांना टेकडीवर नेलं.

सर एकटे उरले. मोहाची फुलं टपटप पडत होती. अर्ध्या तासाने सागाची वाळकी पानं उकरत नर नाल्यात उतरला, दगडावर चढला आणि छाती काढून ओरडला. सरांनी त्याच्या आऱ्या मोजल्या. डाव्या पायाला दोन, उजव्याला दोन. मोबाईल खिशात होता हे त्यांना पक्षी गेल्यावर आठवलं.

टेकडीवरून उतरलेल्या भूषणपुढे त्यांनी पाटी धरली: दिसला. भूषणनी पाटी वाचली, सरांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या पणजोबांना दिसला होता तसाच ना?"

आठवडाभर सरांना जेवण गोड लागलं नाही. पाटीवर लिहून लिहून खडू संपला, पण विश्वास ठेवायला कुणी तयार नाही. आणि का नाही, हेही त्यांना कळत होतं. शनिवारी रात्री जेवताना पद्मजाताई म्हणाल्या, "अहो, उद्या मी येते. बघते तरी, काय करून राहिला तो तुमचा पक्षी."

तिसऱ्या रविवारी आडोशामागे नवराबायको शेजारी शेजारी बसले. भूषणनी आपण होऊन टेकडी धरली. तास गेला. पद्मजाताई हलल्या नाहीत. पंचवीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला वाट बघणं नवं नव्हतं. मग पानं खरखरली. नर आला, त्याच्या मागोमाग मादीही आली. पद्मजाताईंनी एका हाताने सरांचं मनगट घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने मोबाईल उचलून बटण दाबलं. दोन्ही पक्षी निवांत पाणवठ्याकडे चालत गेले.

 

मानपूरच्या दुकानात पोह्यांवर जिरावणाचा मसाला पडला आणि पद्मजाताईंनी सुरुवात केली. नर दगडावर कसा चढला, आमच्याकडे कसा रोखून बघत राहिला. भूषण पोहे विसरून ऐकत होते. अशोकने मान डोलावली. बोलता बोलता पक्षी बदकाएवढा झाला, मग जिलबीची दुसरी थाळी येईपर्यंत मोराच्या मापाला लागला. सरांनी खडू काढला, पाटी सरळ केली, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खडू परत खिशात ठेवला. पणजोबांची पहिली बढती कुणी केली असेल, हे त्यांना त्या दिवशी उमगलं.

आता बैठकीत वाघाशेजारी दुसरी चौकट आहे. तिच्यात वाळक्या पानांत एक तपकिरी ठिपका आहे आणि उजवीकडे, अगदी स्वच्छ, सरांचा कोपर. सरांचा आवाज पूर्वीसारखा पहाडी झाला आहे. पण पाहुण्याची मान त्या फोटोकडे वळली की पद्मजाताई खुर्ची पुढे ओढतात, आणि सर चहाचं आधण ठेवायला उठतात.