गप्प केलेला तारपा

देवरे बाई गेल्याचं मला भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, चिखलात कळलं. शेतात जाताना मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि कमरेच्या फडक्यात खोवतो. तो वाजला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून म्हातारीला, माझ्या बायकोला, म्हटलं, तूच काढ. तिने काढला आणि कानाला लावला. पलीकडून नात रडत होती, ते मला एवढ्या लांबून ऐकू येत होतं. "तुझी बाई गेली," म्हातारी म्हणाली. हातातली रोपांची मूठ मी लावून संपवली, मग बांधावर येऊन बसलो. पाड्यावर माणूस गेलं तर कुठे जायचं, काय घेऊन जायचं, किती दिवस काय पाळायचं, ते सगळं आम्हाला ठाऊक असतं. कॉलेजातली बाई गेली तर काय करायचं, ते मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं... मग पुन्हा चिखलात उतरलो. तिलाही तेच आवडलं असतं. अर्धं काम टाकून बसणारा माणूस तिला खपत नसे.

मी जामसरचा. चौथीपर्यंत शिकलो, पुढे शाळा लांब होती आणि गुरं जवळ होती. हे लिहितोय ते कुणी सांगितलं म्हणून नाही, मला लिहायचं आहे म्हणून. शब्द माझे आहेत, वेलांट्या नातीच्या. तिने माझी दोन वाक्यं सुधारून दाखवली होती, ती मी पुन्हा होती तशी करून घेतली.

देवरे बाई जव्हारच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सटाण्याकडची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात. तिचं हसणं सांगायला हवं, कारण पुढे त्याचं काम आहे. आधी नुसते खांदे हलायचे, तोंडातून काही नाही. आणि मग एकदम खुराड्याचं दार उघडल्यावर कोंबड्या सुटाव्यात तसा आवाज. कॉलेजच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा.

माझी नात सुनंदा कॉलेजला लागली त्या वर्षीची गोष्ट. पोर घरी आली की फोन घेऊन बसायची. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "आजा, आमच्या मॅडम वर्गात फोन आणायला सांगतात." मला पटलं नाही. फोन कुणी शिकायला बघतं का? आमच्या पाड्यावरची पोरं फोनमध्ये काय बघतात ते मी बघितलंय. मी ठरवून टाकलं, कॉलेज बंद. तिचा मामा भिवंडीला कंपनीत आहे, तिकडे कामाला लावून द्यायची. म्हातारी म्हणाली, एकदा विचार तरी. मी म्हटलं, विचारायलाच चाललोय, आणि येताना पोरीला घेऊन येणार. मी एकदा बोललो की बोललो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सकाळची जीप धरली.

बाई व्हरांड्यात वायर गुंडाळत उभी होती. मी सरळ विचारलं, "तुम्ही पोरांना वर्गात फोन बघायला लावता?"

"लावते."

नाही म्हणाली असती तर भांडायला बरं पडलं असतं. मी म्हटलं, "मी माझ्या नातीला न्यायला आलोय."

"न्या. पण आता तास आहे, तेवढा होऊ द्या. तुम्हीही बसा, बाबा. थोतांड वाटलं तर तिची पिशवी मी स्वतः भरून देईन."

मी बसलो. शेवटच्या बाकावर, गुडघे मावत नव्हते तरी. सुनंदाने मला बघितलं आणि मान जी खाली घातली ती वर काढली नाही. खिडक्यांना पुठ्ठे लावून अंधार केला होता. भिंतीला ओल, पोपडे आलेले, म्हणून बाईने घरची चादर आणून टांगली होती, गुलाबाच्या फुलांची. त्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडला आणि चादरीवर एक माणूस आला. त्याने तारपा तोंडाला लावला आणि वाजवायला लागला.

आता हे परक्या वाचकांसाठी सांगतो. तारपा म्हणजे सुकवलेला भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. मी तारपकरी आहे, माझा बाप होता, त्याचा बाप होता. आमच्या घराचा नियम असा की कणसरी, म्हणजे धान्याची देवी, घरात येईपर्यंत तारपा वाजवायचा नाही. नवा भात कापायचा, देवाला दाखवायचा, आपण खायचा, त्याला आम्ही नवं खाणं म्हणतो. मग तारपा खुंटीवरून खाली. त्याआधी वाजला तर शेतातला दाणा बिचकतो. आणि तेव्हा होता श्रावण. भात अजून गुडघ्याएवढा.

मी उभा राहिलो. "बंद करा ते."

सगळा वर्ग मागे वळला. बाईने तो माणूस आहे तिथे थांबवला आणि विचारलं, का? मी सांगितलं, जेवढं वर लिहिलं तेवढंच. ती म्हणाली, "पण बाबा, हा खरा तारपा नाही. हे तारप्याचं चित्र आहे."

"चित्र गप्प असतं, बाई."

मी सुनंदाला खूण केली, ऊठ. पोर उठली पण. रडू आवरत वही पिशवीत घालायला लागली. बाईच्या जागी दुसऱ्या कुणी शिपायाला हाक मारली असती, नाहीतर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. ही म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मग गप्प करू." आणि तिने आवाज पार बंद केला, माणूस तेवढा चालू ठेवला. मग पोरांना म्हणाली, "हे तुमच्याही फोनवर पाठवलंय. आवाज कुणी लावायचा नाही, बाबांनी सांगितलंय. नुसतं बघून मला सांगा, हा माणूस श्वास कधी घेतो?"

वर्गात जे सुरू झालं ते मी कुठल्या शाळेत बघितलं नव्हतं. पोरं फोनवर डोकी घालून त्या माणसाला बोटाने मागे नेतायत, पुढे आणतायत. एक म्हणाला, "मॅडम, हा श्वास घेतच नाही." मोखाड्याचा एक पोरगा म्हणाला, "घेत नसता तर मेला असता की." तेव्हा मी बाईचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. आणि माझी सुनंदा, जी घरात पाणी मागताना तोंडातल्या तोंडात बोलते, ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून भांडत होती, "गाल बघा ना त्याचे, गाल रिकामे होतच नाहीत." चादरीवर बघायचं तर नेमका गालावर गुलाब येत होता. मग तिने मला विचारलं, "आजा, तू कधी घेतोस?"

मी म्हटलं, "घेतो की." एवढंच म्हटलं, कारण मला ठाऊक नव्हतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून वाजवतोय, पण श्वास कधी आत जातो ते कधी बघितलंच नव्हतं. स्वतःचं तोंड स्वतःला कुठे दिसतं?

तास संपला. बाई पिशवी भरायला आली. मी म्हटलं, "राहू द्या. आज नेत नाही." जाताजाता मात्र सांगून ठेवलं, "तो माणूस काही खास वाजवत नाही." ती म्हणाली, "आवाज तर बंद होता." मी म्हटलं, "बोटांवरून कळतं." खांदे हलायला लागले. "मग नवं झालं की आम्ही तुमच्याकडे येतो," म्हणाली. परतीच्या जीपमध्ये मी सारखा गाल फुगवून बघत होतो. शेजारचा म्हणाला, "काका, दाढ दुखतेय का?"

तेव्हापासून दर भादव्यात तिचा निरोप यायचा, तिच्याच आवाजात, "बाबा, नवं झालं का?" मी सांगायचो, भात पोटरीत आहे. पहिल्या वर्षी तिने विचारलं, पोटरीत म्हणजे? मी म्हटलं, कणीस आत आहे, बाहेर यायचंय. मग म्हणाली, "आमच्या फर्स्ट इयरचंही तसंच आहे."

नवं झालं आणि ती खरंच आली, दोन जीप भरून पोरं घेऊन. खळ्यात मी वाजवला, सुनंदाने फोन धरला. वाजवून झालं, तर बाई म्हणाली, मला द्या. माझा तारपा मी माझ्या भावालाही देत नाही. तिला दिला. का ते विचारू नका. तिने पदर खोचला, गाल फुगवले, डोळे मोठे केले, चष्म्यावर वाफ आली, आणि आवाज काही नाही. नुसती हवा. पुन्हा फुंकली, पुन्हा हवा. म्हातारी म्हणाली, "बाई, चूल पेटवतेस का?" झालं... खांदे हलले आणि कोंबड्या सुटल्या. सुनंदाने फोन बंद केलाच नव्हता. माझं वाजवणं, बाईचं फुंकणं, तिचं हसणं, सगळं एका व्हिडिओत आहे.

मग मला वर्गात बोलावलं. चादरीवर मी, आणि माझ्या गालावर गुलाब. मी म्हटलं, हे चालायचं नाही. पुढच्या वेळी कोरं धोतर नेलं आणि पोरांकडून खिळे ठोकवून भिंतीवर ताणून लावलं. त्यावर बाईने मला अगदी सावकाश चालवला, गोगलगाईसारखा. बोट दाखवून म्हणाली, "बघा, गालांत थोडी हवा राखून ठेवलीय. आता गाल दाबून ती बाहेर, आणि त्याच वेळी... नाक बघा." माझी नाकपुडी फुगली. तिथे माझा श्वास आत गेला. म्हाताऱ्या माणसाला त्याचाच श्वास दाखवणारी ती बाई. बाप हयात असता तर त्याला हाताला धरून आणला असता. घरी येऊन म्हातारीला सांगितलं, "मी नाकाने घेतो." ती म्हणाली, "मग इतकी वर्षं कुठून घेत होतास?"

कॉलेजात रेंज रडकी, म्हणून बाई पोरांना शिरपामाळला न्यायची. तिथे येणारे पाहुणे दरीकडे तोंड करून फोटो काढतात, आमची पोरं दरीकडे पाठ करून उभी, जिकडे रेंज तिकडे तोंड. व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि वर्गात ते उलटेसुलटे, हळू, जोरात चालवून बघायचे. पोरंही आपले आणायची. त्या मोखाड्याच्या पोराने आईचा जात्यावर नाचणी दळताना काढलेला आणला, तर त्यावर बाईने फिरण्याचं सगळं गणित काढलं. मी तिला म्हणायचो, असं बघून बघून पोरांचे हात कामातून जातील. ती म्हणायची, "म्हणून तर खळ्यात आणते." फोनबद्दल माझं मत तिने बदललं असं कुणी समजू नये. बाईच्या हातातला फोन वेगळा, एवढंच.

मागच्या थंडीत ती आजारी पडली. नाशिकला दवाखान्यात होती, तरी तिथून तास घ्यायची. मी एकदा कॉलेजात गेलो तर माझ्या धोतरावर ही एवढी मोठी बाई, डोक्याला रुमाल बांधलेली. मला बघून तिकडून म्हणाली, "बाबा, धोतर कधी धुतलं का?" सगळा वर्ग हसला. शेवटचं बोलणं झालं ते पावसाच्या तोंडावर. आवाज बारीक झाला होता. "यंदा नवं झालं की मी येणार. मला आता कळलंय कसं फुंकायचं." मी म्हटलं, या, बघू. "बघू नाही, वाजवणार," म्हणाली.

श्रावणात कॉलेजात तिची शोकसभा झाली. हॉलमध्ये माझं धोतर आणून लावलं होतं. पोरांना तो खळ्यातला व्हिडिओ दाखवायचा होता. सुनंदा माझ्यापाशी आली, डोळे सुजलेले. "आजा, लावायचा का?" तिला नियम ठाऊक होता आणि तिला बाईचं हसणं ऐकायचं होतं. मला काय ते ऐकायला नको होतं? एक सर म्हणाले, "काका, आजच्या दिवशी तरी राहू द्या ना." मी म्हटलं, "सर, परकी असून बाईने आमचा नियम पाळला. मी घरचा, मी तो कसा मोडू? लावा, पण गप्प लावा."

लावला. मी वाजवतोय, आवाज नाही. मग बाईने तारपा घेतला. गाल फुगले, चष्म्यावर वाफ आली. मग तिचे खांदे हलायला लागले... पुढे काय येतं ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. ते आलं नाही. आधी एक पोरगी हसली, ओठ दाबून. मग तो मोखाड्याचा. मग शिपाई, सर, म्हातारी, मी, सगळा हॉल, रडता रडता. बाईचं तेवढं हसणं नव्हतं, बाकी सगळ्यांचं होतं. सुनंदा डोळे पुसत मला म्हणाली, "आजा, तिच्याच्यानं तसाही आवाज निघाला नव्हता."

सुनंदा आता तिसऱ्या वर्षाला आहे. भिवंडीचं नाव घरात कुणी काढत नाही. तो व्हिडिओ माझ्याही फोनवर आहे आणि मी तो लावलेला नाही. घरात आल्यावर फोन त्याच्या पिशवीतच तारप्याशेजारी खुंटीला टांगतो. नवं होईल तेव्हा आधी मी वाजवीन, मग तो लावीन, आवाज जेवढा मोठा होतो तेवढा करून.

भादवा लागला. मला वाटलं होतं यंदा कुणी विचारायचं नाही. परवा फोन वाजला, मोखाड्याच्या पोराचा निरोप होता, "आजोबा, नवं झालं का?" संध्याकाळी अजून एकीचा. काल तर सगळ्या वर्गानेच विचारलं. मी चष्मा लावला, बाहेर शेतात जाऊन भाताचं एक रोप चाचपून बघितलं आणि एकेक अक्षर शोधत उत्तर पाठवलं.

पोटरीत आहे. थांबा.