साळवे सरांच्या मशिनीतली पट्टी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी काय सांगत नाही? बरणीतले लाडू कुणी संपवले, तेसुद्धा सांगून टाकतो. पण हे नाय.

तुम्ही आपले, म्हणून बोलतो. छावणीतल्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट. आमच्याकडं कंप्युटरच्या बारा जुन्या मशिनी होत्या, भंगारात काढायचं ठरलेलं. पण तिथं शिकवणारे साळवे सर, रिटायर व्हायला सहा महिने उरलेले — त्यांनी प्राचार्यांना शब्द दिला की या मी चालवून दाखवतो. पोरांनी लिहिलेला प्रोग्राम मशिनीच्या भाषेत आणायला कंपायलर लागतो. नवा कंपायलर इतक्या जुन्या मशिनीसाठी तयार मिळेना. सर म्हणाले, मुळापासून आपणच बांधू. त्यातल्या त्यात तगड्या मशिनीवर बांधायचा, मग बाकीच्यांवर उतरवायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जमलं तर मशिनी राहणार.

सर सकाळी आल्या आल्या कंपायलर बांधायचं काम मशिनीला लावायचे. दुपारपर्यंत ते आपटायचं. एरर रोज वेगळा — आज या फाइलीत, उद्या त्या. सरांनी डिस्क रिकामी केली, कंपायलरचं जुनं व्हर्जन आणलं, मशिनीची तारीख नीट केली, टेबलफॅन लावला. एकदा मला म्हणाले, मेमरीची पट्टी काढून पुसा जरा. मी काढली. खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, परत बसवली. लई मन लावून घासली हो.

आता सांगू? — सांगतोच.

ती पट्टी खराब होती. मला कसं माहीत? माझीच होती ती. घरी माझा क्रिकेटचा गेम अडखळायचा. म्हणून सरांनी शब्द द्यायच्या आठवडाभर आधी त्या तगड्या मशिनीची चांगली पट्टी मी घरी नेली, आणि घरची तिच्यात खुपसली. पत्र टाइप करा, प्रिंट काढा — काही कळायचं नाही. पण कंपायलर बांधताना सगळी मेमरी वापरात येते, आणि खराब जागा आली की खेळ खल्लास. पट्टी परत आणायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण काय सांगणार होतो मी सरांना? आणि खरं बोलायचं तर — माझी टीम सेमीफायनलला पोचली होती.

सुट्टी लागली. सरांनी प्राचार्यांना लिहून दिलं की माझं ज्ञान कमी पडलं. बाराही मशिनी टेम्पोत चढवायला मीच हात लावला. सरांच्या निरोपाच्या कार्यक्रमात ते म्हणाले, यांनी मला लई साथ दिली. टाळ्या पडल्या, आणि मी निर्लज्जासारखा उठून नमस्कार केला.

सर आता हर्सूलला असतात. लेकीचा लॅपटॉप अडला की तिला म्हणतात, मला नाय कळत त्यातलं, त्यांना बोलव. मी जातो. दुरुस्त करतो. सर शेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि मी काय काय करतो ते वहीत उतरवून घेतात.