विजा चमकत असताना फोनची वायर
भोरमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या दुकानदारांकडे मी अधूनमधून फेरी मारायचो. त्यांची मशीन बघायचो आणि इकडच्या बातम्या तिकडे सांगायचो.

विंझरला एक ताई झेरॉक्स आणि एसटीडी बूथ चालवायच्या. एकदा मी तिथं असताना परतीच्या पावसाचं आभाळ एकाएकी भरून आलं. लाइट गेली. समोरच्या डोंगरावर वीज पडली आणि फोन आपोआप किणकिणला. ताई कॉम्प्युटरच्या मोडेमला लावलेली फोनची वायर उपटायला धावल्या.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

"आवं, मशीन जळंल की!"

"जळू द्या!"

त्या जागच्या जागी थबकल्या. तेवढ्यात डोळे दिपले, मोडेममधून निळी ठिणगी उडाली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास दुकानभर पसरला. पाऊस थांबला तरी त्या वायरजवळ जायचं धाडस दोघांनाही होईना.

तेव्हापासून मी प्रत्येक दुकानात बजावू लागलो, "ढग दिसले की लगेच वायर काढा, विजा सुरू झाल्यावर मात्र काहीही जळो, हात लावू नका."

मार्गासनीला ही बातमी माझ्याआधीच पोचली होती. तिथल्या दुकानदारानं भर उन्हातसुद्धा वायर काढून ठेवली होती.