ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटी

क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर न्यूझीलंडभरातल्या जुन्या इमारती तपासायचं काम निघालं. हॅमिल्टनमध्ये माझ्या वाट्याला साठएक वर्षांपूर्वीचं एक सभागृह आलं. ते पाडायचं की टिकवायचं, हे खांबांत किती लोखंड आहे त्यावर ठरणार होतं, आणि जुनी आकडेमोड कुठेच सापडत नव्हती. मूळ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन'च्या चौकटीत एका साहेबांची आद्याक्षरं होती. ते कधीच वारलेले. 'ट्रेसिंग'च्या चौकटीतल्या बाई मात्र हयात होत्या, गावातल्याच वृद्धाश्रमात.

ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेलं शाईनं गिरवायचं. त्या काळी हे बायकांचं काम. मी गेले ती साहेबांच्या आठवणी काढून घ्यायला.

"किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्यांनी बसायला सांगितलं. मी थेट विचारलं, "खांबांबद्दल तुमचे साहेब कधी काही बोलले होते का?"

"साहेब चहाबद्दल बोलायचे," त्या म्हणाल्या. "खांब माझे होते. प्रत्येकात आठ सळ्या, आणि तळाशी त्यांना बांधणाऱ्या रिंगा एकमेकींना खेटून. मला भूकंपाची भीती वाटायची."

इंजिनिअरिंगची पदवी होती त्यांच्याकडे. वर्गात एकटीच मुलगी. नोकरी मिळाली ती ट्रेसरची. आकडेमोड त्या करायच्या आणि डिझाइनच्या चौकटीत साहेब सही ठोकायचे.

पुण्यात कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये "मुलींचं इथे काय काम?" म्हणणाऱ्यांशी तावातावानं भांडलेली मी, आणि मीच या बाईंना गिरवणारी ठरवून मोकळी झाले होते! लाज वाटली, संतापही आला.

"पण तुम्ही गप्प का बसलात?" माझा आवाज चढलाच.

"तुझं ड्रॉइंग दाखव," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात ते सभागृह टिकवायचं ठरलं तर लागणाऱ्या मजबुतीकरणाचं नवं ड्रॉइंग होतं. त्यांनी चष्मा लावला आणि खांब सोडून थेट कोपरा गाठला.

"यातली तू कुठली?"

मी 'ड्रॉन बाय'वर, म्हणजे रेखाटणाऱ्याच्या चौकटीवर, बोट ठेवलं. डिझाइनच्या चौकटीत आमच्या मॅनेजरची आद्याक्षरं होती. डिझाइन माझं होतं, तीन आठवडे बसून केलेलं, पहिल्या रेषेपासून. 'आमच्याकडे पद्धतच तशी आहे,' मी म्हणाले. सहा वर्षं नोकरी करत होते. एकदाही खटकलं नव्हतं.

"अजूनही?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या शब्दकोड्यावरचं पेन उचलून माझ्यापुढे धरलं.